खरवडलेली कड

मुलीनं यादी हातात दिली आणि मी ती खालून वर वाचली. सरकारी मोजणीदार म्हणून एकतीस वर्षं हिंगोली, सेनगाव, वसमत या तालुक्यांतल्या जमिनी मोजल्या. कागद खालून वाचायची सवय तिथलीच. लोकांना जे लपवायचं असतं ते शेवटच्या ओळीत असतं. या यादीची शेवटची ओळ होती : ‘वरील सर्व साहित्य क्लासमध्येच मिळेल.’

“इथं पाणी मुरतंय,” मी म्हणालो.

मुलगी वैमानिक व्हायला निघाली होती. आधी लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष उड्डाण, असा तो क्रम. लेखीच्या तयारीसाठी तिनं मोठ्या शहरात एक क्लास लावला होता आणि सुटीत घरी आली होती. यादीत चारच गोष्टी होत्या : नकाशा, डिव्हायडर, प्लॉटर नावाची पारदर्शक पट्टी, आणि सगळ्यात वर ‘मॅन्युअल फ्लाइट कॉम्प्युटर’.

“कॉम्प्युटर म्हंजी लॅपटॉप का?”

“न्हाई बाबा, चकती असती. एकात एक फिरणारी वर्तुळं. एका बाजूनं वेळ, वेग, इंधन काढायचं. दुसऱ्या बाजूनं वारा.”

“बॅटरी?”

“न्हाई.”

“मग कॉम्प्युटर काहून म्हणायचं?”

ती हसली. मी हसलो नाही. मी निवृत्त व्हायच्या आधीच आमच्याकडं खांबावर बसवलेलं यंत्र आलं होतं. ते उपग्रहाशी बोलून बांधाचा कोपरा सांगायचं. शेताचा बांध आकाशातून मोजला जातो आणि आकाशात उडणाऱ्या विमानासाठी हातानं फिरवायची चकती घ्या म्हणतात, हे मला पटेना.

“परीक्षेत बॅटरीचं काही आत नेऊ देत न्हाईत,” ती म्हणाली. “अन् वर सगळं बंद पडलं तर?”

“बंद पडतं?” स्वयंपाकघरात हिच्या हातातलं लाटणं थांबलं.

“पडत न्हाई गं आई. पडलंच तर म्हणून.”

मी क्लासच्या सरांना फोन लावला. ते गोड बोलत होते, आणि गोड बोलणाऱ्याचं माप मी दोनदा घेतो. चकती बाहेरून का घेऊ नये, असं विचारल्यावर ते म्हणाले, “बाहेर नकली फार येतात.” प्रत्येक कमिशनवाला हेच सांगतो. मी मनात गाठ बांधली की क्लासकडून काही घ्यायचं नाही.

हिंगोलीत एक स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानाचे मालक, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, माझ्या नोकरीच्या सुरुवातीपासून आमच्या कचेरीला ड्रॉइंगचे कागद, शाई, प्रमाणपट्ट्या पुरवत आले. मी त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो मोठा केला, आणि म्हणाले, “मंगवा देतो साब. चार दिन.”

पाचव्या दिवशी चकती आली. पांढरं प्लॅस्टिक, आकडे काळे, वास नव्या चपलेसारखा. मुलीनं मला वेळ-वेगाच्या बाजूची युक्ती आधीच शिकवली होती. बाहेरचं वर्तुळ जागेवर राहतं, आतलं फिरतं. आतल्या दहासमोर बाहेरचा वीस आणला, की आतल्या तीससमोर साठ, चाळीससमोर ऐंशी यायलाच पाहिजे. गुणाकारच तो, फक्त गोल मांडलेला. तिथंच काउंटरवर मी खिशातून भिंग काढलं. दहासमोर वीस बरोबर बसला. वर्तुळ पार करून तीसपाशी आलो, तर समोर साठ नव्हता. साठ थोडा अलीकडं राहिला होता.

“मधला खिळा मधोमध न्हाई,” मी म्हणालो.

“बाल बराबर फरक हाय साब.”

“चाचा, बालाबराबर फरक कागदावर. वर किती?”

चाचांनी वाद घातला नाही. चकती उलटी करून पाहिली, परत डब्यात ठेवली आणि म्हणाले, “ये वापस जाती. तुमच्या पोरीच्या हातात मी असली चीज देणार न्हाई.” मला वाटलं होतं ते कुरकुर करतील. त्यांनी केली नाही, म्हणून उलट मीच दिवसभर विचार करत बसलो की हे इतक्या सहज का मानले. माझा स्वभाव असा. घरात सगळे त्याला कंटाळलेले.

सरांचं म्हणणं खरं निघालं होतं, पण तेवढ्यानं सर खरे ठरले असं मी मानलं नाही.

मग मुलीनं स्वतःच एक शोधली. शिकाऊ वैमानिकांच्या कुठल्याशा ग्रुपवर एकानं आपला सगळा संच विकायला काढला होता. ॲल्युमिनियमची चकती, प्लॉटर, डिव्हायडर, सगळं. आणि तो राहणारा नरसीचा. हिंगोलीपासून अर्ध्या तासावर.

“आपल्या नरसीचा?” मला पहिली शंका तिथंच आली. एवढ्या जवळ, एवढं अचूक, एवढं लगेच. “काहून विकून राहिला?”

“शिक्षण सोडलं म्हणे.”

“सोडलं का काढून टाकलं?”

“मी कशाला विचारू बाबा?”

हिनं वेगळीच शंका काढली. “अर्ध्यात सोडलेल्या माणसाची वस्तू आणू नका. लेकराला वर जायचंय.” मी शकुन मानत नाही. पण ज्या हत्याराचा धनी हत्यार टाकून निघून गेला, त्या हत्यारात खोट असू शकते, एवढं मी नक्की मानतो. एकटीला पाठवायचा प्रश्नच नव्हता. मी जुनी स्टीलची फूटपट्टी, भिंग आणि टोकदार पेन्सिल पिशवीत टाकली आणि आम्ही मोटारसायकलवर निघालो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन काढून झालेलं, तूर उभी. नरसीत मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावर नारळ, फुलं, बुक्का, पितळी समया विकणारी दुकानं आहेत. त्यातलं एक त्याच्या घरचं. तो गल्ल्यावरच बसला होता. पंचवीस-सव्वीसचा, दाढी राखलेला, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. नारळाच्या दुकानात इस्त्रीचा पांढरा शर्ट कशाला, हेही माझ्या मनानं टिपून ठेवलं.

त्यानं आईला गल्ल्यावर बसवलं आणि आम्हाला मागच्या खोलीत नेलं. कपाटातून एक डबा काढला. आत मऊ फडक्यात गुंडाळलेली चकती. धातूची, कडेला हाताळून चकाकी आलेली.

“कुठं शिकत होतास?” मी विचारलं.

त्यानं दुसऱ्या राज्यातलं गाव सांगितलं.

“किती दिवस?”

“वर्ष झालं व्हतं, काका.”

“मग काहून सोडलंस?”

“तपासून घ्या ना आधी,” तो म्हणाला आणि चकती पुढं केली.

उत्तर टाळलं. मी मुलीकडं पाहिलं. तिनं नजर चुकवली, कारण मी आता काय करणार हे तिला ठाऊक होतं. मी खाली सतरंजीवर बसलो, दहासमोर वीस लावला आणि भिंगाखालून सगळं वर्तुळ फिरलो. तीससमोर साठ. पंचेचाळीससमोर नव्वद. रेघेला रेघ, जणू एकच रेघ कापून दोन केली होती. मग उलटी बाजू. तिथं एक पारदर्शक खिडकी फिरते आणि तिच्या मधोमध एक ठिपका असतो. खिडकी कितीही फिरवली तरी ठिपक्यानं खालची रेघ सोडता कामा नये. मी पूर्ण फेरी फिरवली. ठिपका हलला नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. पण वस्तू निर्दोष निघाली की माझा संशय माणसाकडं वळतो.

“प्लॉटर बघू.”

त्यानं तो डब्यातून काढताना क्षणभर हात थांबवला. मी ते पाहिलं. हातात घेतला आणि कारण समजलं. पट्टीच्या एका कडेवरच्या खुणा आणि आकडे ब्लेडनं खरवडून काढले होते. अपघाती ओरखडे नव्हते ते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेक आकडा, चिकाटीनं.

“हे कुणी केलं?”

“मीच.”

“काहून?”

बाहेर त्याची आई कुणालातरी नारळ फोडून देत होती, त्याचा आवाज आला. मी फूटपट्टी काढली आणि उरलेली कड मोजायला लागलो. वाटलं, याला बोलायचं नसेल तर पट्टीच बोलेल. तेव्हा तो माझ्याशी नाही, मुलीशी बोलायला लागला.

“तुला सांगितलेलं बरं. तुला उडायचंय. एका कडेला सागरी मैल असतेत, दुसऱ्या कडेला साधे. आपल्याला सगळं सागरीत मोजायचं. माझी एकट्याची लांबची फेरी व्हती. रात्री अभ्यास करून सकाळी घाईत रस्ता आखला, अन् पट्टी उलटी पडली. सत्तर मैल व्हते, मी ऐंशी वाचले. मग पुढं चकतीनं सगळं बराबर केलं. चुकीच्या आकड्याचं अगदी बराबर उत्तर काढलं.”

“कुणी तपासलं न्हाई?” मी विचारलं.

“तिथल्या सरांनी कागद बघितला, सही केली. कागद स्वच्छ व्हता.”

स्वच्छ कागद.

“सत्तेचाळीस मिनिटांनी गाव यायला पायजे व्हतं,” तो म्हणाला. “माझ्या कागदावर चोपन्न. सत्तेचाळीसला खाली गाव आलं, तळं आलं, धावपट्टी दिसली. मी म्हणलं, हे न्हाई, आपलं गाव अजून सात मिनिटं पुढं हाय. गाव बघितलं अन् सोडून पुढं गेलो.”

मुलीनं विचारलं, “मग?”

“मग चोपन्नला खाली नुसतं रान. रेडिओवर काय बोलावं सुचंना. सांगितलं असतं तर त्यांनी वाट दाखवली असती. लाज वाटली. वीस मिनिटं गोल फिरत राहिलो. मग एक रेल्वेची लाइन दिसली, ती धरून मागं आलो. उतरलो तेव्हा इंधन लई कमी उरलं व्हतं. कुणी मला काढलं न्हाई, काका. दुसऱ्या आठवड्यात परत पाठवत व्हते. मीच विमानात बसलो, नकाशा उघडला अन् खाली उतरलो. कोणत्याच आकड्यावर विश्वास बसंना. डोळ्यांवर बी न्हाई. समोर गाव दिसत असताना मी ते नाकारलं व्हतं.”

ती कड त्यानं घरी येऊन खरवडली होती.

मी कधी घरात न सांगितलेली गोष्ट त्या खोलीत सांगून टाकली. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित त्याला नव्हे, मुलीला सांगायची होती.

नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी कुरुंद्याच्या बाजूला दोन भावांची वाटणीची मोजणी माझ्याकडं आली. हळदीची जमीन, काळी, पाण्याखालची. मी कचेरीतली मोजायची फीत घेऊन गेलो. आधीच्या कुणीतरी ती फीत तुटल्यावर टोकाचा तुकडा टाकून कडी पुन्हा शिवली होती. वीतभर फीत कमी होती आणि आकडे मात्र जिथल्या तिथं. मी प्रत्येक वेळी पूर्ण फीत समजून मोजत गेलो. धाकट्या भावाच्या बाजूनं सात वेळा फीत टाकली. त्याच्या वाट्याला सात विती जमीन कमी आली. नकाशा स्वच्छ काढला. सह्या झाल्या. पाच-सहा महिन्यांनी दुसऱ्या मोजणीत माझी फीत एका सहकाऱ्याच्या फितीशेजारी पडली, तेव्हा कळलं. वरिष्ठ म्हणाले, “अर्ज आला तर बघू.” अर्ज येणार कसा? धाकट्याचा सरकारी मोजणीवर विश्वास होता.

“मग तुमी काय केलं?” पोरानं विचारलं.

“वर्षानं गेलो त्याच्याकडं. म्हणलं, फेरमोजणीचा अर्ज करा, माझी चूक हाय. तो म्हणला, साहेब, दादानं तिथं हळद लावली, आता बोलणं-चालणं सुरू झालंय. बांध हलवला तर घर मोडल. ऱ्हाऊ द्या. चहा पाजला त्यानं मला.”

“अन् बांध?”

“तिथंच हाय.”

मुलगी माझ्याकडं पाहत होती. लहानपणापासून तिनं पाहिलेला बाप म्हणजे दुधाचं माप, गॅसचं सिलेंडर, कापडाचा तागा, सगळं दोनदा मोजणारा, दुकानदारांशी भांडणारा, चारचौघांत लाज आणणारा. तिनं तो प्लॉटर हातात घेतला, उजेडाकडं धरला आणि त्याला म्हणाली, “मला वाऱ्याची बाजू येत न्हाई. क्लासमध्ये पळवत शिकवलंय. तुमी शिकवसाल का?”

तो गोंधळला. “मी?”

“तुमच्याइतकं कोण बघून शिकवंल?”

माझा संशय पुन्हा जागा झाला, पण आता भलत्याच दिशेनं. तरुण पोरगा, तरुण पोरगी, मागची खोली. मी म्हणालो, “शिकवायचं तर समोर दुकानात. मी बी बसतो.”

त्याच्या आईनं ते ऐकलं आणि दारातून म्हणाली, “बसा की. गिऱ्हाईक तुमी बघा, मंग मला बी रानात जाता येतंय.”

असे सहा दिवस आम्ही नरसीला गेलो. मी गल्ल्यावर बसून नारळ विकले. नारळ कानाशी हलवून पाहिल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला देत नसे, एक बाई म्हणाली, “मामा, तुमी इकून राहिले का इकत घेऊन राहिले?” पाठीमागं दोघं नकाशा पसरून बसलेले. मी कान देऊन ऐकत असे. तो सांगायचा, वारा कुठून येतो ते आधी मांड, कुठं जातो ते नाही; निम्मी पोरं इथंच उलटी पडतात. तिनं उत्तर काढलं की तो म्हणायचा, “आता चकती ठेव. अंदाजानं सांग, किती यायला पायजे?” अंदाज आणि उत्तर जुळलं नाही तर दोन्ही पुसायचं आणि पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी तिनं हळूच मोबाइलवर उत्तर ताडून पाहिलं. मला वाटलं तो रागावेल. तो म्हणाला, “बघ. पण मोबाइलवर बी तितकाच डाउट घे.”

मी त्याला पहिल्या दिवसापासून ज्या नजरेनं पाहत होतो, ती नजर चौथ्या दिवशी माझ्याच लक्षात आली आणि मी तोंड फिरवून रस्त्यावरची जीप पाहत बसलो. त्याच्यात खोट नव्हती. एका सकाळी त्याची पट्टी उलटी पडली होती, एवढंच. माझ्या हातातही एकदा तुटकी फीत आली होती, आणि मी तर त्यानंतर पगार घेत राहिलो.

शेवटच्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मुलगी पाणी प्यायला आत गेली. तो एकटाच नकाशापाशी होता. मी पाहिलं, त्यानं पेन्सिलनं एक रेघ आखली, त्या उरलेल्या कडेनं मोजली, चकती फिरवली आणि कागदावर सत्तेचाळीस लिहिलं. बराच वेळ तो त्या आकड्याकडं पाहत राहिला. मग त्यानं ती रेघ पुसली आणि नकाशाची घडी घातली.

“परत जाशील का?” मी विचारलं.

“विमानात? न्हाई काका. आता न्हाई व्हायचं.”

“मग?”

“जमिनीवर बसून वैमानिकांना रस्ता, वारा, इंधन याचा हिशोब करून देणारं एक काम असतं. त्याचा फॉर्म आणून ठेवलाय. दोन महिने झाले. नाव अन् जन्मतारीख लिहिली, पुढं भरला न्हाई.”

त्याला धीर द्यावा असं काहीतरी बोलायचं मनात आलं, पण मला तसं बोलता येत नाही. मी म्हणालो, “आण तो फॉर्म. मी तपासतो.” त्यानं आणला. जन्मतारखेच्या रकान्यात पहिल्याच आकड्याला चूक होती. ती मी दाखवली. तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

संच आम्ही घेतला. प्लॉटर मात्र मुलीनं क्लासमधून नवा घेतला. खरवडलेल्या पट्टीवरून परीक्षेत कुणी प्रश्न विचारला तर नसती झंझट, असं तिचं म्हणणं. सरांनी तिला तो दुकानातल्या किमतीपेक्षा कमीत दिला. त्यामागं काय असावं यावर मी बराच विचार केला आणि काही सापडलं नाही.

तिची लेखी परीक्षा झाली. नॅव्हिगेशनच्या पेपरात ती पहिल्या झटक्यात पास झाली. त्या पोराला त्या जमिनीवरच्या कामाचं शिक्षण मिळालं. तो आता दुसऱ्या शहरात असतो, दिवाळीला येतो. दुकान त्याची आई आणि बहीण बघतात.

मुलीची एकटीची पहिली लांबची फेरी झाली, तो दिवस मला आधी कळवलेला नव्हता. मी सेनगावला एका लग्नात होतो. जेवणाच्या पंगतीत फोन आला. मागं वाऱ्याचा आणि कसल्यातरी इंजिनाचा आवाज.

“बाबा, जाऊन आले. उतरले.”

“आधी काहून सांगितलं न्हाईस?”

“तुमी आदल्या दिवशी सगळे आकडे मागितले असते.”

“मागितलेच असते. आता सांग. अंतर किती व्हतं?”

“न्हाई सांगत,” ती म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता, पण मोकळा. “ते माझं मी दोनदा मोजलंय. आता तुमी जेवा.”

वाढप्यानं पानात जिलबी टाकली. शेजारच्यानं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, पोरगी पोचली.